मुसाईच्या फुटक्या घंटा

वाजवा की. देवळात आल्यावर घंटेला हात लावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. फक्त ती वाजणार नाही. ही वाजवा, ती वाजवा, कुठलीही वाजवा, मडक्यावर लाकूड आपटल्यासारखा थद्द आवाज येईल. आमच्या या मुसाईच्या देवळात एकही धड घंटा नाही. एकीला खांद्यापासून ओठापर्यंत चीर गेली आहे, एकीचा ओठ अर्धाच आहे, आणि गाभाऱ्याजवळची ती मोठी नुसती भोकाभोकांची आहे. शहरातून कुणी नवस फेडायला चकचकीत घंटा घेऊन आलं तर आम्ही त्याला चहा पाजतो आणि घंटा परत देतो. धड घंटेला इथं जागा नाही.

आता जरा वर तुळयांकडे बघा. पाण्याच्या पंपाचा पंखा आहे, एक पातं तुटलेला. हिरडा फोडायच्या यंत्राचा दांडा आहे, वाकलेला. दात झिजलेला गिअर आहे. ते पांढरं प्लास्टिकचं काय आहे ते मला विचारू नका. कॉम्प्युटरवरून छापून काढलं होतं म्हणे, उन्हात ठेवल्यावर मऊ झालं. ते बनवणाऱ्या शाळेतल्या पोरीनं स्वतः शिडी लावून टांगलं.

मघाशी बसमधून उतरताना तुमच्या सरांनी मला विचारलं, की काका, रेल्वे नाही, हमरस्ता नाही, एसटी दिवसातून दोनदा आणि तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं. अशा घाटमाथ्यावरच्या गावात घराघरात कारखाने कसे? पुण्याची माणसं पंपाचे सुटे भाग ओतून घ्यायला इथवर का येतात? प्रश्न बरोबर आहे. मी स्वतः चाळीसेक वर्षं वाळूचे साचे भरले, पण त्याचं उत्तर मला कारखान्यात मिळालं नाही, याच ओट्यावर आजोबांकडून मिळालं. बसा. चपला बाहेरच राहू द्या, इथं कुणी नेत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. आजोबांनाही त्यांच्या आजोबांनी साल सांगितलं नव्हतं. तेव्हा घाटात डांबर नव्हतं, नाळ होती, कड्यातून चढणारी अरुंद वाट. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी घेऊन लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वर येत आणि धान्य, गूळ घेऊन खाली उतरत. वर आल्यावर पहिला मुक्काम आमच्या शिवणघोळचा. गावात वस्ती ओताऱ्यांची. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा. बैलाच्या गळ्यातल्या काशाच्या घाट्या, म्हणजे लहान घंटा, ओतण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. तांडा थांबायचा, घाट्या घ्यायचा, मीठ आणि दाणे टाकून पुढं जायचा, आणि गाव त्यावर जगायचं. शेतीचं म्हणाल, तर ती येताना तुम्ही पाहिलीच. कातळावर नाचणी पेरायची आणि आभाळाकडे बघायचं.

हात सोन्याचे, पण खोड वाईट. प्रत्येक घर आपली विद्या मुठीत धरून बसलेलं. मातीत किती तूस घालायचं, तांब्यात कथील किती, हे बाप मुलाला कानात सांगायचा, आणि तेही जमलेलं तेवढंच. लेक उद्या विद्या घेऊन सासरी जाईल म्हणून तिला भट्टीजवळ फिरकू देत नसत. सून इथंच राहणार, म्हणून तिला माती मळायला लावत. आणि एखादी ओतणी फसली, तर ती कुणाच्या नजरेला पडायच्या आत घोंगडीखाली झाकून या देवळासमोरच्या तळ्यात सोडायची. 'मुसाईला दिली' म्हणायचं आणि हात झटकायचे. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं, आणि मुसाई ही त्या मुशीची आई. फुटकी घंटा पुन्हा वितळवली तर तिची खोट नव्या घंटेत उतरते, असा समज होता. कासं तेव्हाही महागच होतं, तरी पाण्यात जायचं. त्या तळ्यात हात घालायचा नाही, तळ ढवळायचा नाही, नाहीतर आई कोपते, असं पोरांना पाळण्यापासून सांगत. अब्रूपुढं कासं काय चीज आहे!

तर एका वर्षी थावरू नाईकाचा तांडा दसऱ्यानंतर नाळ चढत होता. तुम्ही आज ऊन पाहताय, पण आमच्या घाटातलं धुकं आलं की स्वतःचा हात दिसत नाही. पुढचा बैल वाट चुकला आणि मागची रांग त्याच्या घाटीच्या आवाजावर चालत गेली. जनावरं गेली, माणसं गेली, त्यात नाईकाचा तरणा मुलगा गेला. उरलेला तांडा वर आला तेव्हा नाईक गोणी न उतरवता थेट चावडीवर गेला, असं सांगतात.

"पाटील," तो म्हणाला, "तुमच्या धुक्यानं माजा पोरगा खाल्ला. आता ऐका. माथ्यावरनं असा आवाज द्या, की पार खालच्या टप्प्यावर बैलानं कान टवकारला पायजे. पुढल्या दसऱ्याला पहाटं मी खाली उभा ऱ्हाईन. आवाज आला तर चढंन. न्हाई आला तर दक्षिणंच्या घाटानं जाईन, आन् माज्या मागनं समदे तांडे जातील."

तो गेला आणि गाव हिशेब मांडत बसलं. तांडे गेले म्हणजे मीठ गेलं, दाणे गेले. खाली शहरात जाऊन दुसऱ्याच्या भट्टीवर भाता ओढायचा, एवढंच उरणार होतं. ढोल वाजवून पाहिले, पण धुक्यात चामडं ओलं होऊन ढोल बसतो. एकच उपाय होता. छातीएवढी घंटा ओतायची आणि माथ्यावर टांगायची. पण कळशीहून मोठी घंटा शिवणघोळात कुणी ओतलेली कुणाला माहीत नव्हती.

बहिरोजी ओतारी हा गावातला सगळ्यात जाणता कारागीर. लोक त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "येवढी मोठी ओतू नये. मुसाईला आवडत न्हाई." का आवडत नाही, ते विचारलं तर उठून आत गेला. पण त्याचा मुलगा मल्हारी गप्प बसणारा नव्हता. त्यानं विडा उचलला. मल्हारीची बायको गोजरा. तिनं मातीत पाय घातला की माती लोण्यासारखी व्हायची, असं बायका म्हणत. तिनं माती मळली. मल्हारीनं घंटेच्या पोटाचा मातीचा गाभा घडवला, वर मेण चढवलं, त्यावर पुन्हा माती लिंपली. मग मेण वितळवून काढलं, की दोन मातींच्या मधली पोकळी उरते. तीत कासं ओतायचं, म्हणजे घंटा झाली. गाभा संक्रांतीपासून सावलीत वाळत होता. मेण चढवायच्या आधी मल्हारीनं तो बोटानं वाजवून पाहिला, खणखणीत लागला. बहिरोजी त्या दिवसांत भट्टीकडे फिरकलाच नाही, घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणे.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मल्हारीनं कासं ओतलं. धातू आत पडला आणि साचा फुटला. आवाज खालच्या कोकणात ऐकू गेला, असं सांगतात. मल्हारी वाचला नाही.

लोक त्याला उचलण्यात गुंतले होते तेव्हा बहिरोजीनं साच्याचे आणि घंटेचे तुकडे गोळा केले, घोंगडीत बांधले आणि तळ्यात सोडून आला. मुलाचा देह अजून अंगणात होता. गोजरानं ते पाहिलं. एकच तुकडा तिच्या पायाशी उडून आला होता, तो तिनं ओच्यात घेतला. भोकाभोकांचा होता.

दिवसकार्य झालं. चूल पेटली. एके दिवशी ती सासऱ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मामंजी, का फुटली?"

"मुसाईची इच्छा," तो म्हणाला.

"माती म्या मळली हुती. माज्या हातनं काय चुकलं, येवढं तरी सांगा. मी त्या हातानं भाकरी थापती. घास गिळवत न्हाई मला."

बहिरोजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आता तुम्हाला कळलं असेल, की गावाला घंटा हवी होती, पण तिला त्याआधी दुसरंच काही हवं होतं. आपल्या मातीनं आपला नवरा मारला का, हे तिला माहीत करून घ्यायचं होतं. ती घराघरात गेली. प्रत्येक ओताऱ्याला तो तुकडा दाखवून विचारलं, असं कुणाचं झालंय का? प्रत्येकानं तुकड्याकडे पाहिलं, नजर वळवली आणि एकच उत्तर दिलं. "आमच्या घरात कदी फुटली न्हाई." सुभाना ओतारी तर वर म्हणाला, की बाईच्या जातीनं असलं विचारू नये.

ती तिथून सरळ या देवळात आली. पदर पसरला आणि म्हणाली, "आई, तुला द्यायला माज्याकडं काय बी न्हाई. पर या गावानं तुज्या पोटात जे दडवून ठेवलंय, त्याचं वझं मी उतरवीन. मग मला कळू दे का फुटली. कळलं तर घंटा माथ्यावर टांगीन. न्हाई टांगली तर या गावचं पाणी मला वर्ज्य."

आणि वैशाखातल्या एका भर दुपारी, सगळं गाव जागं असताना, ती खांद्यावर पहार घेऊन तळ्याच्या बांधावर गेली. बांधाच्या पायथ्याशी पाणी सोडायचं दगडी बूच होतं. कित्येक पिढ्या ते कुणी काढलं नव्हतं. तिनं त्याच्या फटीत पहार घातली. माणसं धावत आली. सुभाना ओरडला, "अगं, हात घालू नगंस! गावावर पाप येईल!"

"गावावर न्हाई येणार," ती म्हणाली. "लागलं तर मला लागंल. बाजूला व्हा."

पाटलानं दटावलं, म्हाताऱ्यांनी शाप दिले, पण तिच्या हातातली पहार धरायला पुढं कुणी आला नाही. सगळ्यांना कोपाची भीती होती म्हणतात. मला विचाराल तर भीती पाण्याखालच्या मालाची होती. बूच निघालं. पाणी सूर्य कलेपर्यंत वाहत राहिलं आणि गाव तिथंच उभं राहिलं. घरी जायचं कुणाला सुचेना आणि बघायचंही कुणाला धाडस होईना.

मग तळ दिसला. चिखलात घंटाच घंटा. लहान घाट्या, मोठ्या घंटा, अर्ध्या, चिरलेल्या, वाकड्या, एकात एक रुतलेल्या. ज्या घरात कधी काही फुटलं नव्हतं, त्या प्रत्येक घराची ठेव तिथं होती. आणि नाकबूल जायची सोय नव्हती, कारण प्रत्येक ओतारी घंटेच्या खांद्यावर आपल्या घराचं चिन्ह उमटवत असे. कुणाचा मासा, कुणाचा नांगर, कुणाचं कमळ. त्या दुपारी शिवणघोळातल्या एकाही पुरुषानं मान वर केली नाही, असं सांगतात.

गोजरा चिखलात उतरली. एक एक घंटा उचलून काठावर मांडू लागली. थोड्या वेळानं एक बाई उतरली, मग दुसरी, मग सगळ्याच. सुनाच त्या, माती त्यांच्या ओळखीची होती. मांडता मांडता गोजराच्या हाताला एक मोठं धूड लागलं. चौघींनी मिळून ते काठावर आणलं. छातीएवढ्या घंटेचं अर्धं अंग होतं, मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं. तिनं ओच्यातला तुकडा काढून शेजारी धरला. भोकं तशीच होती. घंटेच्या पोटात गाभ्याची माती अजून अडकलेली होती. वरचा थर भाजून विटेसारखा झालेला, पण तिनं फटीतून बोट घातलं, तर आत नुसता चिखल. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही, कच्ची विरघळते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे वरून वाळलेला गाभा आतून कधी वाळलाच नव्हता. तिनं घंटेच्या खांद्यावरचा चिखल पुसला. चिन्ह होतं उगवत्या सूर्याचं.

सूर्य बहिरोजीच्या घराचा.

"मामंजी," तिनं हाक मारली, "ही कुणाची?"

काठावरची माणसं बाजूला सरली. मग म्हातारा बांध उतरून आला. त्यानं बंडीची बाही वर सारली. मनगटापासून खांद्यापर्यंत जुना भाजल्याचा चट्टा होता. तरणेपणी अंगावर तेल सांडलं, असं तो जन्मभर सांगत आला होता.

"ही माजी," तो म्हणाला. "मल्हारी जन्मायच्या आधी ओतली हुती. गाभा सावलीत वाळवला, वरनं वाजवला, खणखणीत. आत ओल ऱ्हाइली. धातू पडला, ओलीची वाफ झाली, वाफंला वाट गावंना. मला ठाव हुतं. बहिरोजीची घंटा फुटली असं कोन म्हनंल, म्हनून हितं बुडवली. आन् पोरालाबी सांगितलं न्हाई." मग तो म्हणाला, "तुजी माती चांगली हुती, पोरी. तुज्या मातीत काय बी खोट नव्हती."

गोजरानं काठावर ठेवलेली पहार उचलली. ती तिनं दोन्ही हातांनी धरली, असं सांगतात. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार. तिनं पहार चिखलात टाकली. शेवटी एकच शब्द बोलली.

"ऐकलं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. आमच्यातले काही सांगणारे या ठिकाणी तिला सासऱ्याच्या गळ्यात पडायला लावतात. मी नाही लावत. मेलेला माणूस तिचा होता. ज्यानं सांगायला हवं होतं त्यानं सांगितलं, आणि तिनं ऐकलं, एवढंच झालं. पण तेवढ्यानंही तळ्याकाठचं काहीतरी सैल झालं. कारण मागून सुभाना पुढं आला, तोच, बाईच्या जातीला बोलणारा. एका घंटेवरच्या माशावर हात ठेवून म्हणाला, "ही माजी. येका भट्टीत येवढा धातू मावंना. येक मूस ओतली, दुसरी वितळंपतूर पयली निवली. मदी सांधा ऱ्हाइला. वाजवली आन् सांध्यावर उकलली." मग तिसरा आला, म्हणाला माझ्यात कथील जास्त पडलं. चौथ्यानं घंटा मातीतून लवकर उकरली होती. अंधार पडेपर्यंत माणसं आपापल्या खोटी सांगत होती, आणि प्रत्येकापाठोपाठ बायका म्हणत होत्या, ऐकलं.

तेव्हा ध्यानात आली ती गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. बहुतेक प्रत्येक घरानं कधी ना कधी मोठी घंटा ओतून पाहिली होती. एकट्यानं, दार लावून. बापानं बुडवलेली चूक मुलानं नव्यानं केली होती आणि नातवानं पुन्हा. शेजारच्या घराला जे कळलं होतं तेच कळायला दुसऱ्या घरानं अख्खी हयात घालवली होती, आणि मधे होतं फक्त कुडाचं एक कुंपण.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव एका कामाला लागलं. गोजरानं मातीत भाताचं तूस सढळ हातानं मळलं, म्हणजे भाजल्यावर बारीक छिद्रं राहतात आणि वाफेला वाट मिळते. गाभा भरीव करायचा नाही, पोकळ करायचा आणि त्याच्या पोटात विस्तव ठेवून आतून वाळवायचा, हे तिनंच ठरवलं. पाऊस सुरू झाला. आमचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. उशीला बुरशी येते. माथ्यावर माच बांधून, शाकारून, त्याखाली गाभा, वरच्या मातीसकट, ठेवला. त्याच्या पोटातला विस्तव सांभाळायला बहिरोजी बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळा पावसाळा तो तिथून उठला नाही. सून रोज त्याची भाकर नेऊन ठेवायची आणि काही न बोलता परत यायची.

गाभा आतून वाळला का, हे बोटानं वाजवून कळत नाही; त्यानंच तर घात केला होता. गोजरानं वेगळी युक्ती काढली. विस्तव काढून घ्यायचा आणि गाभ्याच्या तोंडावर काशाची थंड वाटी पालथी धरायची. आत ओल असली तर वाटीला घाम येतो. श्रावणात घाम आला. भाद्रपदात आला. दसरा जवळ येऊ लागला तशी माणसं उतावीळ झाली. पाटील म्हणाला, "अगं, नुसती दवासारखी वल हाय. ओतून टाकू. नाईक काय आपल्यासाटी थांबनार हाय?"

"वाटीला घाम हाय, पाटील," ती म्हणाली. "जाऊ दे तांडा. दुसरा मल्हारी मी देनार न्हाई."

सगळं गाव तिच्यावर चिडलं. ज्या गावासाठी ती राबत होती त्याच गावाच्या वाटेत ती आडवी उभी राहिली. तेव्हा माचाखालून बहिरोजी म्हणाला, "ती सांगंल तवाच." मग पाटील माघारी वळला.

घटस्थापनेच्या सकाळी वाटी कोरडी निघाली. तिनं ती पदरानं पुसली, पुन्हा धरली, पुन्हा कोरडी. मग प्रत्येक घराची भट्टी माथ्यावर आली. जी माणसं शेजाऱ्याला आपली मूस दाखवत नव्हती, त्यांच्या मुशी एका रांगेत तापल्या. सांधा राहू नये म्हणून सगळ्यांनी एकदम ओतायचं होतं, कुणी मागं नाही, कुणी पुढं नाही. गोजरानं हात वर केला आणि खाली आणला. कासं एका धारेसारखं आत गेलं. साचा फुटला नाही. नवरात्रभर घंटा मातीत पुरून निववली, कुणी उकरायची घाई केली नाही. खंडेनवमीला ती बाहेर काढली. तिच्यावर मासा नव्हता, नांगर नव्हता, सूर्य नव्हता. चिन्ह कुणाचं घालायचं हा वाद कुणी काढलाच नाही, म्हणे.

दसऱ्याच्या पहाटे नाळ धुक्यानं भरली होती. घंटेचा पहिला टोला गोजरानं दिला. मग दुसरा, मग तिसरा. खालून काहीच आलं नाही. नाईक आला होता की आधीच गेला होता, कळायला मार्ग नव्हता. ती टोले देत राहिली, हाताला फोड आले तरी दुसऱ्याच्या हातात दोर दिला नाही. आणि मग धुक्यातून, फार खालून, किणकिण आली. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या. शिवणघोळच्याच घाट्या, वर येत असलेल्या. माणसं रडली, असं आजोबा सांगायचे, आणि सांगताना तेही रडायचे.

थावरू नाईक वर आला, घंटेला हात लावला आणि देवळात गेला. तिथं ओळीनं टांगलेल्या फुटक्या घंटा पाहून त्यानं विचारलं, हे काय? त्याला सांगितलं. तळ्यात पुन्हा काही बुडवायचं नाही, जे फसेल ते आईच्या समोर टांगायचं आणि का फसलं ते सगळ्यांना सांगायचं, असं गावानं ठरवलं होतं. नाईकानं एका फुटक्या घंटेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माजी बी येक खोट हाय. त्या दिवशी पुढं घातला तो बैल नवा हुता. घाट न पायलेला. जुना बैल थकला हुता, मला घाई हुती. पोराला धुक्यानं न्हाई खाल्लं."

गाव म्हणालं, "ऐकलं."

ती मोठी घंटा येताना वळणावर तुम्ही पाहिलीत, दगडी कमानीतली. ती धड आहे, म्हणून ती देवळात नाही. पुढं तांडे गेले, बैल गेले, डांबर आलं. कासं जाऊन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आलं, बीड जाऊन ॲल्युमिनियम आलं. पण शिवणघोळातली भट्टी विझली नाही, कारण इथं कुणाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शेजाऱ्यानं कुठं मार खाल्ला, ते माहीत असतं. तुमच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

सगळीकडे खंडेनवमीला चांगली हत्यारं पुसून पुजतात. आजही आमच्याकडे त्या दिवशी वर्षभरात फसलेला माल घेऊन माणसं इथं येतात. याला आम्ही खोट सांगणं म्हणतो. कारखान्याचा मालक असो, काल लागलेला कामगार असो, शाळेतली पोर असो. उभं राहायचं, काय करायला गेलो आणि कुठं फसलं ते सांगायचं. हसायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन काय ती मदत करा.

आणि तो मधला आकडा बघा, बहिरोजीच्या घंटेशेजारचा, रिकामा. तो मल्हारीचा. त्याच्या घंटेचे नुसते तुकडे झाले, टांगण्याजोगं काही उरलं नाही, आणि त्याला आपली खोट सांगायला वेळ मिळाला नाही. म्हणून त्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याची खोट सांगितली जाते. त्या वर्षी गावात जो सगळ्यात नवा कामाला लागला असेल, त्यानं ती सांगायची. गेल्या वर्षी ओडिशाकडून आलेला एक मुलगा होता, मराठी धड येत नव्हतं. त्याला आम्ही शिकवलं. रिकाम्या आकड्याखाली तो उभा राहिला, अडखळत म्हणाला, "मी मल्हारी. गाभा आतून ओला होता. मला कुणी सांगितलं नाही."

आणि सगळं गाव म्हणालं, "ऐकलं."